कडेने झिरपतंय

दिनकर आल्हाट कोणाच्याही ‘हो’वर विश्वास ठेवत नसत. दूधवाल्याने दूध ताजं आहे म्हटलं की ते पिशवीवरची तारीख वाचत, आणि वाचून झाल्यावर ती छापलेली आहे की वरून चिकटवलेली, हे नखाने खरवडून बघत. लिफ्टमध्ये चढण्यापूर्वी आत लावलेला तपासणीचा दाखला वाचत. दाखला एकच होता आणि वर्षभर तोच राहणार होता, तरी रोज वाचत. एकदा मी विचारलंच. म्हणाले, “कालचा मी वाचला होता. आज कोणी बदलला असेल तर?” ते थट्टा करत होते की नाही, हे मला कळलं नाही. त्यांचा चेहरा दोन्ही वेळी सारखाच असे.

आम्ही दिल्लीत, द्वारकेतल्या एका सोसायटीत राहत होतो. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी दिल्लीला आलेल्या आणि मग परत न गेलेल्या मराठी कुटुंबांची ती सोसायटी. आल्हाट मूळचे नगरचे. सरकारी बांधकाम खात्यात टाक्या बांधण्यात आणि बांधलेल्या टाक्या गळतात का हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्यांचं घर माझ्या घरासमोरचं. मी एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर उपसंपादक होतो. ते मला ‘संपादक’ म्हणत, आणि त्यात कौतुक नसे. सोसायटीच्या बैठकांचं इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण त्या कामासाठी दुसऱ्या कोणी हात वर केला नव्हता.

त्यांच्याशी पहिलं नीट बोलणं झालं ते माझ्या न्हाणीघराच्या छतामुळे. छताला डाग पडला होता. मी त्यांना म्हटलं, “लीकेज आहे, जरा बघता का?”

“लीकेज ही तक्रार झाली. होतंय काय? गळतंय, झिरपतंय की पाझरतंय?”

रोज आठ तास मराठी लिहिणाऱ्या माणसाला हे तीन शब्द वेगवेगळे सांगता येऊ नयेत, याची मला थोडी लाज वाटली. माझी मुलगी शेजारी उभी होती. दिल्लीत वाढलेली. ती म्हणाली, “अंकल, सीलन है बस.”

“सीलन म्हणजे नंतर दिसते ती ओल. मी पाणी येतं कसं ते विचारतोय,” आल्हाट म्हणाले. मग स्टुलावर चढून त्यांनी छताला तळवा लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. खाली उतरून तिला समजावून सांगितलं. थेंब मोजता आला तर ते गळणं. थेंब मोजता येत नाही, पण फट बोटाने दाखवता येते, ते झिरपणं. फटही दाखवता येत नाही, वस्तूच्या पोटातूनच पाणी येतं, ते पाझरणं. “गळतीला बूच लागतं, झिरपण्याला लेप लागतो. पाझराला दोन्ही लावून उपयोग नाही. आधी शब्द ठरवायचा, मग सामान आणायचं.” माझ्या छताचं झिरपत होतं. वरच्या घरातल्या फरशीच्या सांध्यात लेप भरला आणि ते थांबलं. थांबल्यावरही ते आठवडाभर रोज येऊन छताला हात लावून गेले.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचा त्यांना राग होता. डब्यावर तो शब्द दिसला की म्हणत, “हा कंपनीचा जबाब आहे. साक्षीदार कुठाय?” कोणी काही दुरुस्त केलं असं सांगितलं की एकच प्रश्न विचारत: “केल्यावर किती वेळ उभे राहिलात?” बहुतेक लोक उभे राहिलेले नसत. “तुम्हाला ऑफिस असतं. पाण्याला दुसरं काम नसतं. ते दिवसभर तिथंच बसून वाट शोधतं.”

त्यांच्या पत्नी शांताबाई हे सगळं चाळीस वर्षं ऐकत आल्या होत्या. रविवारी प्रार्थनेहून परतल्यावर त्या शेजाऱ्यांना चहाला बोलवत आणि नवऱ्यादेखत त्याच्या गोष्टी सांगत. “मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे दोन मिनिटं बघितलं असेल. मग म्हणाले, घराला टाकी कुठली आहे? आणि माझ्या वडिलांबरोबर गच्चीवर गेले. अर्धा तास खाली आले नाहीत. आईला वाटलं, नकार.”

“टाकीला चीर होती,” आल्हाट म्हणाले.

“अहो, पण होकार तर दिलात ना?”

“चीर वरच्या कडेला होती. पाण्याच्या रेषेच्या वर. चालण्यासारखी.”

शांताबाई हसल्या. ते हसले नाहीत, पण बशी पुढे सरकवून त्यांनी आणखी चहा मागितला.

लोक त्यांना टाळत. हे लिहिताना सौम्य करण्याचं कारण नाही. ज्याला कशाचीच खात्री वाटत नाही तो माणूस शेजारी म्हणून जड जातो. त्यांनी रखवालदाराची वही तपासली, तेव्हा रखवालदार चिडला. पाण्याच्या टँकरमध्ये काठी बुडवून बघितली, तेव्हा टँकरवाला भांडला. अध्यक्ष कर्णिक केंद्रीय मंत्रालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे गृहस्थ. ते एकदा मला म्हणाले, “आल्हाट म्हणतात ते बहुतेक वेळा बरोबर असतं, हाच त्यांच्यातला मोठा प्रॉब्लेम आहे.”

सोसायटीची मुख्य टाकी जमिनीखाली होती. तिला लागून चार पायऱ्या खाली पंपाची खोली. टाकी आणि खोली यांच्यामध्ये एकच भिंत. जुना पंप खोलीत असायचा. समितीने नवा पंप घ्यायचं ठरवलं, पाण्यात बुडून राहणारा. त्याच्याबरोबर पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर, म्हणजे पंप आपोआप चालू-बंद होईल. पंपाची केबल आणि सेन्सरची तार टाकीतून खोलीतल्या विजेच्या पॅनेलपर्यंत आणायची होती. ठेकेदाराने सगळ्यांत जवळचा रस्ता निवडला. टाकी धुण्यासाठी रिकामी केली होती, तेव्हाच मधल्या भिंतीला छातीच्या उंचीवर भोक पाडायचं, केबल या बाजूला घ्यायची आणि भोक एपॉक्सीने भरायचं.

आल्हाट बैठकीत उठले. “पाण्याच्या रेषेखाली भोक पाडू नका. केबल वरून घ्या. झाकणाशेजारून, पाण्याच्या वर, पाइपातून. बाहेर आल्यावर तिला खाली झोळ द्या. तिच्यावरून थेंब ओघळलाच तर झोळाच्या तळाशी पडेल, पॅनेलपर्यंत जाणार नाही.”

कर्णिकांनी ठेकेदाराकडे बघितलं. ठेकेदार म्हणाला, “सर, ऊपर से अच्छा नहीं लगेगा. और ये एपॉक्सी तो जहाज़ में लगता है.”

“जहाज में तुमने लगाया है?” आल्हाटांनी विचारलं.

“नहीं, पर...”

“भिंतीतूनच न्यायची असेल तर एका केबलला एक भोक, आणि त्यात तिला चहूबाजूंनी आवळून धरणारी, तिच्या मापाची ग्लँड. पंपाची केबल चपटी आहे. गोल ग्लँड तिला सगळीकडून धरणार नाही, कडेला फट राहील. तुम्ही तर ही चपटी आणि सेन्सरची गोल, दोन्ही एकाच भोकातून नेताय.”

मत घेतलं. आल्हाटांच्या बाजूने आल्हाट होते. भोक पडलं.

तिसऱ्या आठवड्यात पंपाच्या खोलीची फरशी ओली दिसली. कर्णिकांनी आल्हाटांना बोलावलं. मी बरोबर होतो. आल्हाट चार पायऱ्या उतरले, भोकाकडे बघितलं, ओल्या फरशीकडे बघितलं आणि म्हणाले, “कडेने झिरपतंय. सांगितलं होतं.” ते खोलीत दोन मिनिटंही थांबले नाहीत. मी ते वाक्य इतिवृत्तात लिहिलं: ‘भोकाच्या कडेने पाणी झिरपत असल्याचे श्री. आल्हाट यांनी सांगितले.’

ठेकेदाराने एपॉक्सी उकरून नवीन भरली. फरशी ओलीच. त्याने टाकी रिकामी करून आतूनही लेप दिला. मग भोकाभोवतीच्या भिंतीला कोरडं फडकं लावून सगळ्यांना दाखवलं. फडकं कोरडंच राहिलं. तरी सकाळी फरशीवर पाणी असायचं. संध्याकाळी नसायचं.

संशय बलबीरवर गेला. बलबीर पंप चालवणारा माणूस, झज्जरकडचा, पन्नाशीचा. खोलीची किल्ली त्याच्याकडे असायची आणि सकाळी तोच ती उघडायचा. पंपाच्या खोलीमागे त्याला राहायला एक खोली होती. तिथे बायको आणि दहावीला असलेली मुलगी. समितीचा तर्क सरळ होता. आल्हाटांनी भोक सांगितलं, भोक भरलं, भिंत कोरडी आहे. म्हणजे पाणी माणूस आणतो. सकाळीच येतं, म्हणजे सकाळी येणारा माणूस आणतो. बलबीर तिथे कपडे धुतो असं कोणी म्हणालं. नवा पंप आपोआप चालतो, त्याचं काम जाईल म्हणून तो मुद्दाम करतो, असं दुसरं कोणी म्हणालं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर हे हिंदीत आणखी कडक शब्दांत आलं. एकाने तर आल्हाटांनाही ओढलं: स्वतःचं खरं व्हावं म्हणून तेच पाणी टाकत नसतील कशावरून? महिनाअखेर बलबीरला काढायचं आणि खोली रिकामी करून घ्यायची, असं ठरलं. मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यात होती.

बलबीरने त्या दिवसांत पॅनेलसमोर लाकडाची एक फळी टाकली होती. ओल्या फरशीवर उभं राहून विजेच्या बटणाला हात लावायची त्याला भीती वाटत होती. समितीतल्या एकाने ती फळी पुरावा म्हणून दाखवली: पाणी येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं.

त्या संध्याकाळी आल्हाट माझ्याकडे आले. बसले नाहीत. “इतिवृत्तात माझं वाक्य काय लिहिलंय?”

मी वही काढून वाचून दाखवलं.

“‘झिरपत असल्याचे.’ असंच म्हणालो होतो?”

“हो.”

“किती वेळ उभा होतो मी तिथं?”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीकडे तीन दिवस मागून घेतले. याचा अर्थ त्यांना बलबीर निर्दोष वाटत होता, असा कोणी घेऊ नये. त्यांनी बलबीरची उलटतपासणी सुरू केली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्याच्यासमोर बसून विचारलं, कपडे कहाँ धोते हो, चाबी और किसके पास है, कल कितने बजे उठे. उत्तरं लिहून घेतली. मग त्याच्या बायकोला वेगळं विचारलं. दोन्ही उत्तरं जुळली, तर म्हणाले, “जुळवलेली असू शकतात.” किल्ली काढून घेतली. पंप आपोआप चालत होताच, आत जायची गरज नव्हती. फरशी पुसून कोरडी केली, कुलूप लावलं आणि दार व चौकट यांच्यावर कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीवर तिघांच्या सह्या: कर्णिक, मी आणि ते स्वतः.

“तुमची स्वतःची सही कशाला?” कर्णिकांनी विचारलं.

“माझ्यावरही संशय आहे. ग्रुपवर वाचलं मी.”

बलबीर हे सगळं बाजूला उभा राहून बघत होता. पट्टी चिकटवताना तो म्हणाला, “साहब, इक्कीस साल में मेरे दरवाज़े पर किसी ने काग़ज़ नहीं चिपकाया.”

आल्हाट पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले.

पहिल्या सकाळी पट्टी शाबूत होती आणि आत फरशी ओली होती. कर्णिक म्हणाले, योगायोग असेल. पुन्हा पट्टी. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी कर्णिकांचा धीर सुटला. “भिंत कोरडी, दार बंद, माणूस बाहेर. मग पाणी येतं कुठून, आल्हाटसाहेब? आकाशातून?”

“संपादक, तुमच्याकडचे जुने पेपर आणा,” आल्हाट म्हणाले.

मी गठ्ठा आणला. त्यांनी फरशी पुसली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत वर्तमानपत्रं अंथरली. मग बलबीरच्या फळीवर स्टूल ठेवून बसले. कोणी बोलायचं नाही, असं सांगितलं. कर्णिक अर्ध्या तासाने गेले. मी पायरीवर बसून राहिलो. बलबीर दाराबाहेर उकिडवा बसला होता. सव्वातासाने एका पानावर नाण्याएवढा काळा डाग उमटला. भोकाखाली नव्हता. तो पॅनेलमधून खाली येणाऱ्या पाइपाच्या तोंडाखाली होता, भिंतीपासून दोन हात दूर.

त्यांनी मेन स्विच बंद केला. पॅनेलचं झाकण उघडून तारांच्या टोकांना एकेक कागदी रुमाल गुंडाळला आणि पुन्हा बसले. तीन रुमाल कोरडे राहिले. सेन्सरच्या तारेचा भिजला. त्यांनी तो काढला. तारेच्या कापलेल्या टोकाशी, वरचं वेष्टन आणि आतल्या तारा यांच्या मधून, एक थेंब हळूहळू फुगला आणि पडला. त्यामागे दुसरा.

आल्हाट तो थेंब बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं. “भिंतीतून ओढताना भोकाच्या धारदार कडेवर हिचं वेष्टन चिरलंय. टाकीच्या बाजूला, पाण्याखाली. पाणी तारेच्या पोटात शिरलं. भिंत ओलांडून इथपर्यंत आतूनच आलं. बाहेरून जहाजाची एपॉक्सी लावा नाहीतर आणखी काही लावा, तिचा संबंधच येत नाही. सकाळी टाकी भरलेली असते, चीर बुडते. संध्याकाळपर्यंत पातळी चिरेखाली जाते, पाणी थांबतं.” मग म्हणाले, “हे झिरपणं नाही. पाझर आहे.”

बाहेरून बलबीरने विचारलं, “मिला कुछ?”

“मिला. तार के पेट से आ रहा है.”

बलबीर उठला नाही. “अच्छा,” एवढंच म्हणाला.

टाकी उपसली. चीर सांगितल्या जागी सापडली, करंगळीच्या नखाएवढी. त्याच रविवारी बैठक झाली. बलबीरला कामावर ठेवायचं ठरलं. त्यावर कोणी बोललं नाही, मत घ्यावं लागलं नाही. कर्णिकांनी मला मजकूर सांगितला: ‘तांत्रिक कारणामुळे ओल येत असल्याचे निष्पन्न झाले.’ मी लिहू लागलो.

“थांबा,” आल्हाट उठले. “असं लिहा. श्री. आल्हाट यांनी न तपासता चुकीचा शब्द सांगितला. त्यावरून भोक दोनदा भरले गेले आणि बलबीरवर आळ आला.”

“अहो, इतकं कशाला? तुम्हीच तर शोधून काढलंत,” कर्णिक म्हणाले.

“शोधून नंतर काढलं. भोकातून पाणी येणार हे मी आधी सांगितलं होतं, म्हणून मला तेच दिसलं. सगळ्यांवर संशय घेत बसलो. माझ्या स्वतःच्या वाक्यावर घेतला नाही. लिहा, संपादक.”

मी लिहिलं. ते पान अजून सोसायटीच्या वहीत असेल.

बलबीरला बैठकीत बोलावलं होतं. निर्णय सांगितल्यावर तो म्हणाला, “रहूँगा साहब. बस एक बात. आल्हाट साहब मेरे पंपरूम में नहीं आएँगे.”

शांताबाई मागच्या खुर्चीत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. कर्णिक काही बोलणार, तेवढ्यात आल्हाट म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. तेही लिहा.”

त्यानंतर केबल वरून नेली. झाकणाशेजारून, पाइपातून, खाली झोळ देऊन. भिंतीतलं भोक दोन्ही बाजूंनी कायमचं बुजवलं. हे काम चाललं तेव्हा आल्हाट टाकीच्या झाकणापाशी उभे राहून सगळं बघत होते, पण चार पायऱ्या उतरले नाहीत. आत काय चाललंय, ते ठेकेदाराच्या माणसांना वरूनच ओरडून विचारत. उत्तर पटलं नाही की तोच प्रश्न दुसऱ्याला विचारत. बलबीर त्यांच्याशी कामापुरतं बोलायचा. मुलगी दहावी पास झाली तेव्हा त्याने घरोघर पेढे वाटले. आल्हाटांकडेही दिले, पण शांताबाईंच्या हातात. त्यांनी आत या म्हटलं, तर काम आहे म्हणाला.

पुढच्या वर्षी आल्हाटांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने दोघांना तिकडे न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी मी सामान खाली आणायला मदत केली. विमानतळावर जायला टॅक्सी उभी होती. शांताबाई आत बसल्या. आल्हाट काठी टेकत टाकीकडे वळले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, उशीर होतोय.” ते चालत राहिले. मी बॅग ठेवून मागोमाग गेलो.

पंपाच्या खोलीचं दार उघडं होतं. बलबीर आत पॅनेल पुसत होता. पायात चपला होत्या. फळी कधीच काढलेली होती. आल्हाट वरच्या पायरीशी थांबले. तिथून खोलीची निम्मी फरशी दिसते, पॅनेलच्या खालची दिसत नाही.

“बलबीर, सूखा है?”

“सूखा है.”

आल्हाट उभे होते. बलबीरने फडकं खांद्यावर टाकलं, त्यांच्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं. मग दारापर्यंत येऊन हात पुढे केला.

“आके देख लो साहब. नहीं तो हवाईजहाज में भी चैन नहीं पड़ेगा आपको.”

आल्हाटांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, ते उतरणार. बलबीरलाही तसंच वाटलं असावं, कारण तो वाट देण्यासाठी बाजूला सरकला.

“तुमने देख लिया ना,” आल्हाट म्हणाले.

“हाँ जी. सुबह देखा.”

“बस, फिर.”

ते वळले आणि टॅक्सीकडे निघाले. गुडघ्यामुळे उतरणं जमणार नव्हतं, की खरंच त्यांना उतरायचं नव्हतं, हे मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही. टॅक्सी फाटकाबाहेर पडेपर्यंत बलबीर बाजूला सरकून तसाच उभा होता, उतरणाऱ्या माणसाला वाट मोकळी ठेवून.